घोड्यांसोबत मार्खा खोऱ्यात: पहिल्यांदाच जाणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

लडाखमधील मार्खा खोरे लेहच्या दक्षिणेला, स्तोक पर्वतरांगेच्या पलीकडे आहे. मार्खा नदी या खोऱ्यातून वाहत येऊन चिलिंगजवळ झंस्कार नदीला मिळते. चिलिंगच्या बाजूने खोऱ्यात शिरायचे, स्क्यू, मार्खा, हांकर ही गावे करत निमालिंगच्या कुरणावर चढायचे आणि सुमारे ५,२०० मीटर उंचीची कोंगमारू ला ही खिंड ओलांडून शांग सुमदोकडे उतरायचे, असा हा मार्ग आहे. मुंबई, पुणे, नाशिककडची मंडळी हिमालयातला दुसरा किंवा तिसरा ट्रेक म्हणून हल्ली तो आवर्जून निवडतात. सामान वाहायला घोडे असतात, वाट फारशी अवघड नसते आणि मुक्कामाला गावे मिळतात, त्यामुळे ‘सोपा ट्रेक’ अशी त्याची ख्याती झाली आहे.

ती ख्याती निम्मी खरी आहे. पाठीवरचे ओझे गेले म्हणजे जबाबदारीही गेली, असे समजून येणाऱ्यांची येथे फार तारांबळ उडते. घोड्यांसोबतच्या ट्रेकमध्ये दिवसाचे वेळापत्रक जनावरांच्या चरण्यावर, पाण्यावर आणि विश्रांतीवर ठरते. ते आधीच समजून घेऊन आपला दिवस आखला, तर पुढच्या बहुतेक अडचणी टळतात.

१. घोडे खरोखर हवेत का, हे आधी ठरवा

मार्खा खोऱ्यात राहण्याच्या दोन पद्धती आहेत. पहिल्या पद्धतीत गावातील घरी उतरायचे, तेथेच जेवायचे आणि पाठीवर लहान पिशवी घेऊन चालायचे. हांकरपर्यंत प्रत्येक टप्प्यावर अशी घरे मिळतात, आणि निमालिंगलाही हंगामात गावकऱ्यांनी चालवलेले तंबू असतात. दुसऱ्या पद्धतीत तंबू, शिधा आणि स्वयंपाकाचे साहित्य घोड्यांवर लादून स्वतंत्र मुक्काम करायचा.

तुम्ही दोघे-तिघे असाल आणि आठ-नऊ किलो वजन घेऊन चालू शकत असाल, तर माझे स्पष्ट मत असे की घोडे घेऊच नका. पैसा थेट घरमालकिणीच्या हाती जातो, कुरणांवर भार पडत नाही आणि जेवणही चांगले मिळते. गट मोठा असेल, सोबत ज्येष्ठ मंडळी असतील, गुडघे कुरकुरत असतील किंवा निमालिंगजवळच्या कांग यात्से शिखरावर जाण्याचा बेत असेल, तर मात्र घोडे घ्यावेत. मधला मार्गही आहे: मुक्काम घरांमध्ये, आणि सामानापुरते एक-दोन घोडे.

२. हंगाम निवडा

मार्ग साधारणपणे जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या अखेरीपर्यंत खुला असतो. जूनमध्ये कोंगमारू लावर बर्फ शिल्लक असू शकतो. माणसे त्यातून वाट काढतात, परंतु लादलेला घोडा भुसभुशीत बर्फात पोटापर्यंत रुततो आणि पाय मोडून घेतो. त्यामुळे घोडेवाल्याने ‘अजून आठवडाभर थांबा’ म्हटले, तर त्याच्याशी हुज्जत घालू नये.

जुलै आणि ऑगस्टच्या पूर्वार्धात बर्फ वितळून नद्या फुगलेल्या असतात. लडाख हा पर्जन्यछायेतील प्रदेश असला, तरी पाऊस तेथे पडतच नाही असे नाही. ऑगस्ट २०१० मध्ये लेह परिसरात झालेल्या ढगफुटीने मोठी जीवितहानी झाली होती. कोरड्या नाल्याच्या पात्रात तंबू ठोकू नये, हा नियम त्यामुळे येथे फार महत्त्वाचा ठरतो. ऑगस्टची अखेर आणि सप्टेंबरचा पूर्वार्ध हा मला सर्वांत सोयीचा काळ वाटतो: पाणी ओसरलेले असते, बार्लीची कापणी चालू असते आणि आकाश बहुधा निरभ्र असते. रात्री मात्र निमालिंगला पाणी गोठते.

३. कागदपत्रे, परवाने आणि रोख रक्कम

मार्ग हेमिस राष्ट्रीय उद्यानातून जातो, त्यामुळे उद्यानाचे प्रवेशशुल्क भरावे लागते. त्याखेरीज लडाखमध्ये येणाऱ्या पर्यटकांसाठी पर्यावरण शुल्क असते. दर बदलत असल्याने निघण्याच्या आठवड्यात ते तपासून घ्यावेत. जवळ पुढील गोष्टी ठेवाव्यात:

– आधार कार्ड किंवा अन्य ओळखपत्र, मूळ प्रत आणि दोन छायाप्रती
– पर्यावरण शुल्क आणि उद्यान प्रवेशाच्या पावत्या, छापील स्वरूपात
– वैद्यकीय विमा, ज्यात ५,००० मीटरपेक्षा अधिक उंचीवरील पदभ्रमण स्पष्टपणे समाविष्ट आहे
– रक्तदाब, मधुमेह, दमा यांपैकी काही असल्यास डॉक्टरांची चिठ्ठी आणि नेहमीची औषधे दुप्पट प्रमाणात
– घोडेवाल्याशी किंवा आयोजकाशी झालेल्या कराराची लेखी प्रत
– संपूर्ण ट्रेकपुरती रोख रक्कम, सुट्या नोटांमध्ये

शेवटची बाब हलक्यात घेऊ नका. लेह सोडल्यानंतर एटीएम नाही. घराचे भाडे, मुक्कामाच्या जागेचे गावाला द्यावयाचे शुल्क, वाटेवरच्या तंबूतला चहा या सर्वांसाठी रोकड लागते, आणि पाचशेची नोट मोडून देणे प्रत्येकाला जमत नाही.

दोन सापळे येथेच सांगतो. महाराष्ट्रातले प्रीपेड सिमकार्ड लडाखमध्ये चालत नाही. पोस्टपेड चालते, तेही लेहमध्ये, कारण खोऱ्यात बहुतांश ठिकाणी रेंज नसते. दुसरे म्हणजे, उपग्रह फोन किंवा उपग्रहाद्वारे संदेश पाठवणारी उपकरणे पूर्वपरवानगीशिवाय भारतात जवळ बाळगणे बेकायदेशीर आहे. परदेशातून येणारे मराठी बांधव अशी उपकरणे सवयीने सोबत आणतात आणि विमानतळावरच चौकशीत अडकतात. ड्रोनलाही राष्ट्रीय उद्यानात परवानगीशिवाय मनाई आहे.

४. घोडेवाल्याशी करार करताना

घोडे लेहमधील ट्रेक आयोजकांमार्फत ठरवता येतात, किंवा ओळख असल्यास गावातूनच थेट मिळतात. कोठूनही घेतलेत तरी पुढील प्रश्न विचारूनच पैसे द्यावेत.

घोडे किती आणि प्रत्येकावर वजन किती, हा पहिला प्रश्न. माल वाहणाऱ्या जनावरांसाठी केलेल्या १९६५ च्या नियमांनुसार तट्टावर जास्तीत जास्त ७० किलो आणि गाढवावर ५० किलो लादता येतात. ही कमाल मर्यादा झाली. पाच हजार मीटरच्या खिंडीवर दोन्ही बाजूंना मिळून ४० ते ५० किलो हेच माफक ओझे म्हणावे लागेल. ‘दोन घोडे वाचवतो, पैसे वाचतील’ असे कोणी सुचवले, तर ते पैसे जनावराच्या पाठीतून वसूल होणार आहेत हे उघड आहे. त्याच नियमांत जनावराला दिवसात एकूण नऊ तासांहून अधिक, आणि विश्रांतीवाचून सलग पाच तासांहून अधिक राबवू नये, असेही म्हटले आहे.

दुसरा प्रश्न परतीच्या दिवसांचा. तुम्ही शांग सुमदोला गाडीत बसून लेहला निघून जाता; घोडेवाल्याला मात्र जनावरे घेऊन आपल्या गावी परतायचे असते. त्या दिवसांची मजुरी देण्याची पद्धत आहे, आणि ती दरात धरली आहे की वेगळी आहे, हे आधी स्पष्ट नसेल तर शेवटच्या दिवशी वाद होतो. चूक बहुधा घोडेवाल्याची नसते. आयोजकाने ग्राहकाला कमी आकडा सांगण्यासाठी ती रक्कम लपवलेली असते.

तिसरा प्रश्न चाऱ्याचा. वरच्या मुक्कामांवर गवत तोकडे असते, म्हणून जनावरांसाठी चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, सोबत घेतली आहे का, आणि तिचे वजन घोड्यांच्या हिशेबात धरले आहे का, हे विचारा. चौथा प्रश्न घोडेवाल्याच्या स्वतःच्या सोयीचा: त्याला तंबू, पांघरूण आणि जेवण कोण देणार? रात्री उणे तापमानात माणूस ताडपत्रीखाली झोपतो आणि शेजारी आपण पिसांच्या स्लीपिंग बॅगेत, असे दृश्य या मार्गांवर अजूनही दिसते. पैसे देणाऱ्याने विचारले तरच ते बदलते.

पाचवी बाब, सर्व गटांनी ठेवावी अशी: बसण्यासाठी एक मोकळा घोडा. कोणी आजारी पडल्यास खाली नेण्यासाठी तोच उपयोगी पडतो. दररोज थकलेल्याने आळीपाळीने बसण्यासाठी तो नाही, हे गटाला पहिल्याच दिवशी सांगून टाका.

५. सामान बांधणे

चाकांची सुटकेस, धातूच्या पट्ट्या असलेली मोठी सॅक, कडक कोपऱ्यांची पेटी यांपैकी काहीही घोड्यावर चालत नाही, कारण कोपरा जनावराच्या बरगडीत दिवसभर टोचत राहतो. मऊ कापडाची लांबट डफल बॅग घ्या. वजन माणशी दहा ते बारा किलोंच्या आत ठेवा आणि घरूनच ताणकाट्यावर तोलून निघा. आतले सर्व कपडे जाड प्लास्टिकच्या पिशवीत बांधा. नदी ओलांडताना ओझ्याचा खालचा भाग भिजतो, आणि कधीकधी घोडा ओझ्यासकट मातीत लोळतो. चष्मा, कॅमेरा, बॅटरी असे काही डफलमध्ये ठेवू नका.

पाठीवरच्या लहान पिशवीत दिवसभर लागणारे सर्व असले पाहिजे, कारण घोडे तुमच्या पुढे किंवा तास-दीड तास मागे असतात आणि डफल संध्याकाळपर्यंत हाती लागत नाही: दोन लिटर पाणी, वाऱ्याचे आणि उबदार जाकीट, टोपी, हातमोजे, गॉगल, औषधे, डोक्यावरचा दिवा, खाऊ, कागदपत्रे, आणि नदी ओलांडण्यासाठी पट्ट्यांच्या सँडल.

शिध्याबद्दल एक सूचना. डिंकाचे लाडू, भाजणी, मेतकूट, गूळ-शेंगदाण्याच्या वड्या हे आपले पदार्थ या उंचीवर उत्तम टिकतात आणि भूक मेलेली असताना घशाखाली उतरतात. मात्र ते घरून निघतानाच कापडी पिशव्यांत किंवा डब्यांत भरावेत. पन्नास लहान वेष्टने घेऊन गेलात, तर पन्नास लहान वेष्टने परत आणावी लागतील. स्वयंपाकाच्या गॅसची डबी विमानात नेता येत नाही. ती लेहमध्ये घ्यावी. पॉवर बँक हातातल्या सामानातच ठेवावी लागते.

६. लेहमध्ये थांबा, आणि खरोखरच थांबा

कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे. लेह सुमारे ३,५०० मीटरवर आहे. सह्याद्रीत दर रविवारी गड चढणाऱ्याची छाती आणि पाय मजबूत असतात यात वाद नाही, परंतु विरळ हवेशी जुळवून घेण्याचा त्या ताकदीशी संबंध नाही. तरणीबांड, धावणारी मुलेच पहिल्या दिवशी दुर्लक्ष करतात आणि दुसऱ्या रात्री डोके धरून बसतात.

विमानाने आल्यास लेहमध्ये किमान दोन, शक्यतो तीन रात्री काढाव्यात. पहिला दिवस संपूर्ण विश्रांती. त्यानंतर हळूहळू शांती स्तूपापर्यंत किंवा जुन्या राजवाड्यापर्यंत चालावे. मद्य आणि झोपेच्या गोळ्या टाळाव्यात. असेटाझोलमाइड, म्हणजे आपण डायमॉक्स म्हणून ओळखतो ते औषध, घ्यावे की नाही आणि किती, हे घरच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे; सल्फा औषधांची ॲलर्जी असल्यास ते आवर्जून सांगावे.

३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची रोज साधारण ५०० मीटरपेक्षा अधिक वाढवू नये, असा सर्वमान्य संकेत आहे. या कसोटीवर मार्खाचा आराखडा तपासून पाहा. स्क्यू सुमारे ३,४००, मार्खा गाव ३,८००, हांकर ४,०००, येथपर्यंत चढ सौम्य आहे. हांकरहून थेट निमालिंग मात्र ४,७०० मीटरच्या वर जाते. म्हणून मध्ये थाचुंगत्से येथे, सुमारे ४,२५० मीटरवर, एक मुक्काम असलाच पाहिजे. स्वस्त आराखड्यांतून नेमका हाच मुक्काम गाळलेला असतो.

चिलिंगच्या बाजूने मोटाररस्ता हळूहळू खोऱ्यात आत सरकत आहे. चालायला नेमकी कोठून सुरुवात करायची आणि घोडे कोठे भेटणार, हे निघण्याच्या आदल्या दिवशी पुन्हा विचारून घ्या.

७. पहिल्या सकाळी जनावरे पाहून घ्या

ही पायरी जवळजवळ कोणीच पाळत नाही, म्हणून ती सविस्तर लिहितो. ओझे लादण्यापूर्वी, घोड्याच्या पाठीवर काहीच नसताना, अर्धा तास आधी तेथे पोहोचा. घोडेवाल्याला ‘आचो-ले’ अशी हाक मारा, म्हणजे आपल्याकडच्या ‘दादा’सारखी, ‘ए घोडेवाले’ ही हाक मराठी माणसाच्या तोंडी तरी शोभत नाही. जनावरांची नावे विचारा, आणि त्याच्या परवानगीने प्रत्येक घोडा पाहा.

पाठीच्या कण्याशेजारी आणि खांद्याच्या उंचवट्यावर, म्हणजे पालाण (ओझ्याचे खोगीर) टेकते तेथे, केस उडालेले आहेत का ते पाहावे. पांढरे केस उगवलेली जागा ही जुनी, भरलेली जखम असते. तिची काळजी नको. ओली, लाल किंवा माशा बसणारी जखम असेल, तर त्या जनावरावर ओझे चढता कामा नये. पोटाखाली जेथे तंग आवळतात तेथे, आणि शेपटीखालून जाणाऱ्या पट्ट्याच्या जागी, कातडी सोलवटलेली नाही ना, हे पाहावे. मग घोड्याला दहा-पंधरा पावले चालवून दाखवायला सांगावे. लंगडणारा घोडा पुढचा दुखरा पाय टेकताना डोके वर उचलतो, ही खूण शिकाऊ डोळ्यालाही कळते. खुरांच्या नाला चारही पायांत आहेत का आणि एखादी हलते आहे का, हे नाला ठोकणारा माणूस स्वतःच दाखवून देतो. चांगल्या घोडेवाल्याच्या पिशवीत सुटे खिळे आणि हातोडी असतेच.

नंतर लादणे पाहा. पालाणाखाली जाड घोंगडी किंवा नमद्याचे दोन थर असतात. दोन्ही बाजूंची ओझी हाताने उचलून सारखी आहेत का, हे घोडेवाला अंदाजाने तोलतो, आणि एका बाजूला किलो-दीड किलो कमी वाटले तर वाटेवरचा एक दगड उचलून तिकडे खोचतो. तुम्ही डफलमध्ये आयत्या वेळी बूट कोंबलेत, की त्याचा हा तोल बिघडतो. म्हणून सकाळी सामान एकदा दिले की पुन्हा उघडू नये.

जखमी जनावर आढळल्यास आरडाओरडा न करता आयोजकाशी बोला, बदली घोडा मागा आणि त्याचे पैसे लागले तर द्या. घोडेवाल्याच्या हाती तेवढी जनावरे नसतात, आणि ओझे नाकारले तर काम जाईल ही धास्ती त्याला असते.

८. वाटेवर

घोड्यांचा तांडा समोरून किंवा मागून आला, तर नेहमी डोंगराच्या बाजूला सरून उभे राहा, दरीच्या बाजूला कधीही नाही. घोड्याला आपल्या अंगाची रुंदी कळते, पाठीवरच्या ओझ्याची कळत नाही. बाजूला आलेली डफल खांद्याला लागली की माणूस सरळ खाली जातो. काठ्या अंगालगत धराव्यात, फडफडणारा पावसाळी अंगरखा हाताने आवरावा, छत्री मिटावी. घोड्याच्या मागे उभे राहू नये, शेपटीला हात लावू नये. फोटोसाठी पुढे धावत जाऊन वाट अडवली, तर पहिला घोडा थबकतो आणि मागचे एकमेकांवर आदळतात.

मार्खा नदी आणि तिचे ओढे काही ठिकाणी पुलाविना ओलांडावे लागतात. हिमनदीचे पाणी सकाळी कमी असते आणि दुपारनंतर ऊन चढले की वाढत जाते. सकाळी गुडघ्यापर्यंत असलेला ओढा चार वाजता मांडीपर्यंत आलेला असतो. घोडेवाला पहाटे घाई करतो ती बहुधा याच हिशेबाने. ओलांडताना पिशवीचा कमरपट्टा सोडावा, प्रवाहाकडे तोंड करून तिरपे चालावे आणि अनवाणी उतरू नये. लादलेल्या घोड्यावर बसून नदी ओलांडण्याचा हट्ट करू नये.

आखलेली वाट सोडून आडव्या वाटा पाडू नका. या थंड वाळवंटात मातीवर उगवलेले काटेरी झुडूप वाढायला अनेक वर्षे लागतात, आणि एका हंगामात पडलेली आडवाट पुढच्या पावसात ओघळ होते.

वाटेत ‘भरल’, म्हणजे निळी मेंढी, आणि कुरणांवर मारमोट, म्हणजे बिळात राहणारे खारीच्या कुळातले मोठे प्राणी, दिसतात. हेमिस हे हिमबिबट्याचे अधिवासक्षेत्र आहे. तो उन्हाळ्यात दिसण्याची आशा बाळगू नका, पण ठसे दिसू शकतात. मारमोटला बिस्किटे घालू नयेत. गावातला एखादा कुत्रा सोबत चालू लागला तर त्यालाही खाऊ घालू नये. तो तुमच्या मागे निमालिंगपर्यंत येतो, मारमोट आणि शिंगरांच्या मागे लागतो, आणि तुम्ही निघून गेल्यावर तेथेच राहतो.

९. मुक्कामाच्या जागी

मुक्काम गावाने ठरवून दिलेल्या जागीच करावा आणि गावाचे शुल्क निमूटपणे द्यावे. हिरवळ दिसली म्हणून तिच्यावर तंबू ठोकू नये. ती हिरवळ कोणाच्या तरी याकांचा आणि मेंढ्यांचा हिवाळ्यातला चारा असते. उत्तराखंडात बुग्याळांवर, म्हणजे उंचावरच्या कुरणांवर, झालेल्या नासधुशीमुळे २०१८ मध्ये तेथील उच्च न्यायालयाने रात्रीच्या मुक्कामावर बंदी घातली. लडाखमध्ये ती वेळ येऊ नये, अशी येथील गावांची इच्छा आहे.

घोडे रात्री चरायला मोकळे सोडतात. काहींच्या पुढच्या पायांत पायबंद घातलेला असतो, म्होरक्याच्या गळ्यात घंटा असते. तरीही ते गवताच्या शोधात बरेच वर चढतात, आणि पहाटे घोडेवाला त्यांना शोधायला निघतो. ‘सात वाजता निघायचे ठरले होते’ असे म्हणत घड्याळ दाखवण्यात अर्थ नाही. जनावराने रात्री खाल्ले नाही, तर दुपारी ते चालणार नाही. मानवी अन्न, विशेषतः शिजवलेला भात आणि पोळी, घोड्यांना घालू नये. पोटशूळ झाल्यास डोंगरात औषध मिळत नाही. काही द्यावेसे वाटलेच, तर घोडेवाल्याला विचारून घोड्याच्या तोबऱ्यात (तोंडाला बांधायच्या पिशवीत) मूठभर चंदी टाकावी.

पाण्याचे नियम साधे आहेत. पिण्याचे पाणी ओढ्याच्या वरच्या अंगाने, जनावरे खालच्या अंगाला. भांडी, कपडे, दात हे सर्व पाण्यापासून किमान साठ मीटर दूर, भांड्यात पाणी नेऊन. साबण शक्यतो नाहीच. झऱ्याच्या उगमाशी हातपाय धुणे लडाखी लोकांना अतिशय खटकते, कारण तेथे ‘लू’ या जलदेवतांचा वास मानतात. उंचीवर पाणी कमी तापमानाला उकळते, निमालिंगला सुमारे ८५ अंशांनाच, म्हणून ते खळखळून उकळल्यावर आणखी तीन मिनिटे आचेवर ठेवावे. डाळ-तांदळाला कुकर लागतोच.

शौचाची व्यवस्था हा संकोचाचा विषय असला, तरी सर्वांत अधिक घाण त्यातूनच होते. गावात पारंपरिक कोरडे शौचालय असते: वरच्या मजल्यावर जमिनीत भोक आणि शेजारी मातीचा ढीग. तेथे पाणी ओतायचे नाही, कागद किंवा सॅनिटरी पॅड टाकायचे नाही, विधीनंतर फावडेभर माती टाकायची. त्याचे खत शेतात जाते, हे लक्षात असले की कारण वेगळे सांगावे लागत नाही. गावाबाहेर, पाण्यापासून साठ मीटर दूर पंधरा ते वीस सेंटिमीटर खोल खड्डा खणून नंतर तो बुजवावा. कोरड्या थंडीत कागद कुजत नाही, त्यामुळे वापरलेला कागद आणि पॅड झाकणाच्या पिशवीत परत आणावेत. गट मोठा असल्यास शौचाच्या तंबूचा खड्डा कोण खणणार आणि कोण बुजवणार, हे निघण्यापूर्वीच ठरवावे.

शेकोटी नको. येथे लाकूड नाही. जे आहे ते विलो आणि पॉप्लर गावकऱ्यांनी लावलेले आहेत, आणि वाळलेले शेण हे त्यांचे हिवाळ्याचे इंधन आहे.

१०. गावात आणि घरात

‘जुले’ म्हणावे, नमस्कार, आभार आणि निरोप या तिन्हींना तो चालतो. चोर्तेन (स्तूप) आणि मणिभिंती (मंत्र कोरलेल्या दगडांच्या भिंती) नेहमी आपल्या उजव्या हाताला ठेवून ओलांडाव्यात. मंत्र कोरलेले दगड आणि देवस्थानावर ठेवलेली रानबकऱ्याची शिंगे उचलू नयेत. शिंगे बाळगणे वन्यजीव संरक्षण कायद्यानेही गुन्हा आहे. चुलीत कचरा टाकू नये आणि चुलीला ओलांडून जाऊ नये. घरमालकिणीला ‘आमा-ले’ म्हणावे. चहाचा पेला एक घोट घेतला की पुन्हा भरला जातो. नको असल्यास तो न संपवता ठेवावा आणि निघताना प्यावा. खिंडीवर पोहोचल्यावर शिवरायांचा जयजयकार करण्याची इच्छा प्रत्येक मराठी गटाला होते, आणि ती मनापासूनची असते. गोंपांत (बौद्ध मठांत) आणि गावाजवळ मात्र आवाज खाली ठेवावा, आणि भोंगे-स्पीकर घरीच ठेवावेत.

११. निमालिंग आणि कोंगमारू ला

निमालिंगला पोहोचल्यावर डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणे यांपैकी काही जाणवल्यास ते लपवू नका. सौम्य त्रास असल्यास दुसऱ्या दिवशी तेथेच थांबावे. चालताना तोल जाणे, बोलण्यात गोंधळ, बसलेले असतानाही धाप, फेसाळ खोकला ही लक्षणे दिसताच रात्र असली तरी खाली उतरायचे: हांकरच्या दिशेने, खिंडीच्या दिशेने नव्हे. ‘खिंड ओलांडली की गाडी मिळेल’ हा हिशेब जिवावर बेततो, कारण तिकडे उतरण्यापूर्वी पाचशे मीटर वर चढावे लागते आणि खिंडीवर प्राणवायू समुद्रसपाटीच्या निम्म्याहून थोडाच अधिक असतो. मोकळा घोडा येथे कामी येतो. रुग्णाला दोन्ही बाजूंनी धरून बसवावे आणि तीव्र उतारावर उतरवून आधाराने चालवावे.

सर्व ठीक असल्यास पहाटे निघून दुपारचा वारा सुटण्यापूर्वी खिंड ओलांडावी. माथ्यावर अर्ध्या तासाहून अधिक रेंगाळू नये. पलीकडचा उतार अरुंद घळीतून जातो, ओढा पुनःपुन्हा ओलांडावा लागतो आणि दरवर्षी पुरानंतर वाट बदलते. तेथे घोडे पुढे जाऊ द्यावेत. मागून येणारा घोडा निसरड्या दगडावर थांबू शकत नाही.

१२. हिशेब

शांग सुमदोला ओझी उतरल्यावर आधी घोडेवाल्याचा हिशेब करा, मग फोटो. ठरलेली रक्कम, परतीचे दिवस आणि बक्षिसी त्याच्याच हाती, गटासमोर द्यावी. आयोजकाकडे ‘नंतर देतो’ म्हणून सोडलेली बक्षिसी त्याच्यापर्यंत पोहोचेलच असे नाही. उरलेला शिधा आणि रॉकेल त्याला हवे का, हे विचारा. फाटके मोजे आणि निकामी टॉर्च ‘भेट’ म्हणून देऊ नका. वाटेत एखाद्या घोड्याची पाठ घासली असेल, तर तो बरा होईपर्यंतच्या बुडालेल्या कामाचे पैसे गटाने वर्गणी काढून द्यावेत. कचऱ्याची पोती गाडीत चढवून लेहला न्यावीत. शांग सुमदोच्या वळणावर ती टाकून जाणारे गट दरवर्षी असतात, आणि ती उघडायला कुत्री त्याच रात्री येतात.